तोंडपाठ रस्ता

एक अपवाद सोडला तर प्रज्ञा तांबे एका जागी पाच मिनिटं बसलेली मला आठवत नाही. आमच्याकडे आली की आधी दारात उभी राहायची, मग स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकायची, मग खिडकीशी जायची आणि पुन्हा दारात यायची. हे सगळं बोलत बोलत. माझी बायको शैला म्हणायची, "अगं, बस ना जरा, मला गरगरायला लागलं." की ती खुर्चीच्या कडेवर टेकायची आणि तिसऱ्या वाक्याला उठायची.

उंची चार फूट पाच इंच. हा आकडा मी अंदाजाने लिहीत नाही. तो माझ्यासमोर मोजला गेला होता. मान आखूड, मानेवरचे केस फार खालून सुरू झालेले. हात मोकळे सोडले की कोपरापासून बाहेरच्या बाजूला वळायचे, दोन्ही काखांत कळशा धरल्यासारखे. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि अनोळखी माणसं तिला विचारायची, "पाचवीत का गं?" ती सांगायची, "नववीत." मग तो माणूस गेला की मला विचारायची, "काका, ते हसले ते मला, की त्यांचा चेहराच तसा आहे?"

तिचे बहुतेक प्रश्न याच जातीचे असत. काकू चिडल्यात का? बाई गप्प झाल्या म्हणजे मी थांबायचं होतं का? 'बघू' म्हणजे हो का नाही? चेहरे वाचायला आपण केव्हा शिकलो ते आपल्याला आठवत नाही. तिला ते दर वेळी कुणीतरी वाचून दाखवावे लागत. मी विमा कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरीला. माणसांच्या चेहऱ्यांबद्दल माझं मत घ्यावं असा माझा लौकिक नव्हता. पण तिने कारण सांगितलं होतं: "तुम्ही विचारलं तेवढंच सांगता. बाकीचे आधी 'जाऊ दे गं' म्हणतात."

अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास आम्ही गिरगावातून मीरा रोडला आलो, पूनम सागर वसाहतीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. त्याच वर्षी समोरच्या दारात तांबे आले. मूळचे चिपळूणकडचे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात पाळीची नोकरी. नीटनेटका, कडक इस्त्रीचा माणूस. त्यांची बायको सुमनवहिनी कमी बोलायच्या. सगळं बोलणं मुलीकडे गेलं होतं.

आमच्या संकुलात बारा इमारती. सगळ्या चार मजली, सगळ्यांना तोच फिका पिवळा रंग, तेच जिने, त्याच हिरव्या खिडक्या. बिल्डरने क्रमांक रंगवले होते ते पहिल्या पावसाळ्यातच पुसले गेले. त्यामुळे चुकीच्या इमारतीत शिरणं ही आमच्याकडे रोजची गोष्ट होती. मी स्वतः एका संध्याकाळी शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर किल्ली घालून खटपट करत बसलो होतो. आतून एका सिंधी गृहस्थांनी दार उघडलं आणि शांतपणे विचारलं, "ताला बिगड़ गया क्या, अंकल?" पुढचा महिनाभर जिन्यात भेटेल तो मला हेच विचारायचा.

प्रज्ञाचीही तीच चूक झाली. शाळेतून येऊन ती भलत्याच इमारतीत, पण बरोबर तिसऱ्या मजल्यावरच्या डावीकडच्या घरात गेली. दार उघडं होतं. तिने दप्तर ठेवलं, हातपाय धुतले. तिथल्या म्हाताऱ्या आजींना कमी दिसायचं, त्यांनी नात समजून पान वाढलं; प्रज्ञाला वाटलं, कुणी पाहुण्या आल्यात. दोघी बराच वेळ गप्पा मारत जेवल्या. भाजीत गूळ लागला तेव्हा प्रज्ञाला शंका आली. तोवर तांब्यांनी स्टेशनपर्यंतचा रस्ता दोनदा पालथा घातला होता.

माझी चूक विनोद ठरली. तिची चूक पुरावा ठरली. त्या दिवसापासून तांबे म्हणू लागले की हिला एकटीला सोडण्यात अर्थ नाही.

दहावीच्या वर्षी गणितासाठी तिला माझ्याकडे पाठवलं. मला वाटलं, आकडे हा आपला प्रांत. पहिल्याच आठवड्यात माझी जागा मला कळली. प्रमेय तिला अक्षरशः पाठ. पक्ष, साध्य, सिद्धता, स्वल्पविरामासकट. पण आकृती समोर ठेवली की ती वहीसकट गोल फिरवायची, मग स्वतः टेबलाभोवती फिरायची.

"काका, सिद्धता येते. फक्त त्रिकोण कुठला ते सांगा."

"हा काय, अ ब क."

"तो दिसतोय. पण तुम्ही म्हणता त्याच्या आत दुसरा आहे, तो कुठून निघाला?"

मी रंगीत खडूंनी काढून दाखवला, पुठ्ठा कापून दाखवला. पुठ्ठ्याचा त्रिकोण तिने हातात धरला, आणि जागेवर ठेवायला सांगितल्यावर उलटा ठेवला. मला राग यायचा. इतकं शुद्ध बोलणारी, वर्तमानपत्रातला अग्रलेख एकदा वाचून दुसऱ्या दिवशी सांगणारी मुलगी मुद्दाम करतेय असंच वाटायचं. तिला माझा राग चेहऱ्यावरून कळायचा नाही. म्हणून मी एक दिवस सांगितलं, "प्रज्ञा, मी आता चिडलोय." ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मी दोन दिवस विचार करत होते." ऑक्टोबरच्या परीक्षेत ती गणितात कशीबशी सुटली, तीही पाठ केलेल्या सिद्धतांच्या जोरावर.

सोळा पूर्ण झाली तरी पाळी आली नाही, तेव्हा सुमनवहिनींनी तिला मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरवलं. कागदपत्रं इंग्रजीत असतात म्हणून मला बरोबर बोलावलं. उंची मोजली ती तिथे. रक्त घेतलं, आणि बऱ्याच आठवड्यांनी रिपोर्ट घ्यायला पुन्हा गेलो, तेव्हा तांबेही बरोबर होते. प्रज्ञाला बाहेर थांबवलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी एक फोटो टेबलावर ठेवला. त्यात काड्यांसारखे काळे तुकडे जोडीजोडीने लावलेले होते.

"प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या अशा तेवीस जोड्या असतात. मुलींच्या शेवटच्या जोडीत दोन एक्स असतात. हिच्यात एकच आहे. याला टर्नर म्हणतात. क्वचित असतं, पण असतं."

"आमच्याकडून काही…?" वहिनींनी विचारलं.

"नाही. तुम्ही खाल्लेल्याने, केलेल्याने काही झालेलं नाही."

मग त्यांनी आम्हा तिघांना जे सांगितलं, त्यामुळे माझी सगळी शिकवणी माझ्या डोळ्यांसमोरून गेली. बुद्धी कमी नाही. शब्द पक्के असतात. आकृत्या, दिशा, नकाशे, हिशेब यांत अडखळतात. समोरच्याच्या चेहऱ्यावरचं कळायला वेळ लागतो. चुळबुळ असते, लक्ष उडतं. "आणि काळजी," त्या म्हणाल्या, "ती या मुलींना आपल्यापेक्षा लवकर आणि जास्त लागते. चेहरा वाचता येत नसेल तर दर वेळी वाईटच धरून चालावं लागतं ना." हृदय तपासून घ्यायचं, कान तपासायचे, गोळ्या सुरू करायच्या. गोळ्यांनी पाळी येईल. मूल होण्याची आशा धरू नये.

तांबे म्हणाले, "हे तिला सांगायचं नाही."

"शरीर तिचं आहे," बाई म्हणाल्या. "गोळ्या तिने घ्यायच्या आहेत."

तांब्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी वहिनींकडे. वहिनी उठल्या आणि दार उघडून बाहेर येरझारा घालणाऱ्या मुलीला आत घेऊन आल्या. बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं, मुलांबद्दलचंही. प्रज्ञाने फोटो हातात घेतला, उलटा धरला, सरळ केला.

"यातली माझी कुठली?"

"सगळीच तुझी."

"एवढी सगळी? मग एकाचं काय मनाला लावून घ्यायचं?"

बाई हसल्या. प्रज्ञाने वळून मला विचारलं, "काका, हे कसलं हसणं?" मी म्हटलं, "चांगलं."

आपल्याला जे होतं त्याला नाव आहे याचाच तिला आनंद झाला असावा. काय सांगायचं आणि काय झाकायचं यातली रेघ तिला कधीच दिसली नाही. त्यामुळे आठवड्याच्या आत दूधवाल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळलं की तांब्यांच्या प्रज्ञात एक एक्स कमी आहे. तळमजल्यावरच्या हंसाबेननी ते जीवनसत्त्वासारखं काहीतरी समजून डबा भरून गुंदरपाक, म्हणजे डिंकाच्या वड्या, पाठवल्या. "रोज एक खा, बेटा, भर जाएगा." प्रज्ञाने त्या खाल्ल्या आणि डबा परत देताना सांगितलं, "मासी, अच्छा था, पर भरा नहीं."

या हंसाबेन म्हणजे आमच्या इमारतीचा टेलिफोन. फोन त्यांच्याकडेच होता, आणि आम्ही सगळे आपापल्या नातेवाइकांना त्यांचाच पी.पी. नंबर देऊन बसलो होतो. निरोप पोचवता पोचवता त्यांचे गुडघे गेले, तेव्हा प्रज्ञाने ते काम उचललं. ती निरोप आणायची तो शब्दाला शब्द, आणि आवाजाच्या चढउतारासकट. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतांच्या दारात उभी राहून तिने भर जेवणाच्या वेळी सांगितलं, "तुमच्या भावाचा फोन होता. म्हणाले, 'त्याला सांग, आईला बघायला यायची लाज वाटत असेल तर फोटो मागवून घे म्हणावं.' मग जरा थांबले आणि म्हणाले, 'हे नको सांगूस, नुसतं ये म्हणून सांग.'"

सावंत त्याच संध्याकाळी निघाले. पण पुढचे काही महिने तिला बघितलं की आत जायचे.

बारावीनंतर तांब्यांच्या बहिणीने खेडकडचं एक स्थळ आणलं. मुलगा बिजवर, आधीच्या बायकोचं एक मूल. आत्यांचं म्हणणं, मूल आहेच, मग बाकीचं बोलायची गरज काय. मला आणि शैलाला शेजारी म्हणून बसवलं होतं. प्रज्ञाने पोहे नीट आणले, बशी कुणाच्या हातात द्यायची तिथे चुकली, पण सावरलं. मुलाच्या आईने विचारलं, "स्वयंपाक येतो का?"

"येतो. भाकरी गोल होत नाही."

सगळे हसले. वातावरण बरं होतं. मग त्या बाई आपल्या परीने प्रेमाने म्हणाल्या, "आमच्या बाळाला भावंडं झाली की घर भरेल."

"मला मूल होणार नाही," प्रज्ञा म्हणाली. "तुम्हाला आत्यांनी सांगितलं नाही का? माझ्यात एक गुणसूत्र कमी आहे. गोळ्या चालू आहेत. बाकी तब्येत चांगली आहे."

पाहुणे चहा न घेता उठले. जिन्यात आत्यांचा आवाज चढला होता. तांबे गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले ते आत आलेच नाहीत. प्रज्ञा माझ्यासमोर येऊन, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, विचारत होती, "काका, त्या उठल्या त्या रागाने का त्यांना घाई होती? काका, सांगा ना. बाबा तिकडे का तोंड करून उभे आहेत?"

मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. मग पोह्यांच्या बशा गोळा करायला लागलो.

त्यानंतर तांब्यांनी सगळंच बंद केलं. निरोप बंद. रविवारी बुद्धविहारात वंदना सांगायला तिलाच पुढे बसवत, तेही बंद, कारण तिथे माणसं विचारतात. एकटीने जिना उतरायचा नाही. ते दुष्ट नव्हते. ते कामावर जाताना दाराला बाहेरून कडी लावायचे आणि परत आल्यावर बूट काढायच्या आधी ती उघडायचे, हे मी पाहिलं आहे. वहिनी आत असायच्याच, तरी कडी लावायचे.

ती गॅलरीत फिरायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाच-सहा पावलांची गॅलरी. आधी बोलत फिरायची, मग पुटपुटत, मग नुसतीच. अंगठ्याच्या नखांजवळची कातडी सोलून सोलून बोटांना चिंध्या बांधलेल्या. जेवण सुटलं. ज्या मुलीचं बोलणं थांबावं म्हणून आम्ही सगळे निमित्तं शोधायचो, तिच्या न बोलण्याने मजल्यावर सगळे बेचैन झाले. एका शनिवारी दुपारी वहिनींनी आतून हाक मारून शैलाकडून कडी काढून घेतली आणि प्रज्ञाला आमच्याकडे ठेवून त्या बाजारात गेल्या. ती खुर्चीवर बसली, आणि बसूनच राहिली. शैलाने चहा दिला, तो साय धरेपर्यंत समोर होता. वर सांगितलेला अपवाद तो हा. शैला आत येऊन मला म्हणाली, "अहो, ती उठत नाहीये."

वहिनी परतल्या, त्यांनी तिला बघितलं, आणि त्याच आठवड्यात नवऱ्याला म्हणाल्या, "मी हिला घेऊन जातेय."

"कुठे? वेड्यांच्या डॉक्टरकडे? माझी मुलगी वेडी नाही."

"नाहीच आहे. म्हणून लवकर नेतेय."

इस्पितळात मनाच्या डॉक्टरांनी गोळी दिली, आणि वहिनींना सांगितलं की घरात ठेवून हिची काळजी कमी होणार नाही, काळजीला फिरायला जागा तेवढी कमी होईल. हिला काम द्या, माणसं द्या. महिन्या-दोन महिन्यांत ती पुन्हा बोलायला लागली. पहिल्यासारखी नाही. मधेच थांबून "मी जास्त बोलतेय का?" असं विचारायची, आणि आम्ही घाईघाईने नाही म्हणायचो.

काम आलं ते हंसाबेनच्या फोनवरूनच. भाईंदर पूर्वेला औद्योगिक वसाहतीत स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. तिथले एक शेठ हंसाबेनच्या नवऱ्याशी व्यवहार करायचे, आणि पूर्वी त्यांचे निरोप प्रज्ञा घ्यायची. त्यांनी विचारलं, "वो लड़की किधर गई? जो बोलो वही बोलती थी. मेरे बोर्ड पे जो बैठती है वो अपने मन से मसाला डालती है." त्यांना चार फूट पाच इंचांचं काही नव्हतं. टेलिफोन बोर्डाला उंची लागत नाही, ते म्हणाले, स्टूल लागतं.

तांबे नाही म्हणाले. वहिनींनी तो प्रश्न सोडवायला सगळ्यांना आमच्याकडे जमवलं. शेवटी तांब्यांनी अट घातली. "जा. एकटी जायचं, एकटी यायचं. मी सोडायला येणार नाही. पण एकदा जरी चुकलीस तर नोकरी बंद, आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

"बाबा, चुकणं कशाला धरायचं?" प्रज्ञाने विचारलं. "विचारत विचारत गेले तर ते चुकणं का?"

तांब्यांनी विचार केला. "मला शोधायला यावं लागलं, तर ते चुकणं."

"ठीक आहे," ती म्हणाली.

मी तिला नकाशा काढून दिला. प्रमाणबद्ध, वळणांवर क्रमांक. तिने आभार मानून घडी घालून ठेवला. मग वहिनी तिला रोज दुपारी घेऊन निघायला लागल्या. वहिनी मागे राहायच्या आणि काही सांगायच्या नाहीत. पुढे प्रज्ञा जे येईल ते मोठ्याने बोलत जायची. त्यातलं टिकाऊ तेवढं वहिनी ठेवायच्या, बाकीचं गाळायच्या. गाय गाळली. हातगाडी गाळली. असा शब्दांचा रस्ता तयार झाला आणि तिने तो पाठ केला: "दार ओढून घ्यायचं. जिना संपला की मासीचा फोन. गेटाबाहेर इस्त्रीवाल्याचा रेडिओ, रेडिओ पाठीशी घ्यायचा. कोंबडीवाल्याचा वास येईपर्यंत वळायचं नाही. 'स्टेशन, स्टेशन' ओरडेल त्याच्या रिक्षात बसायचं. गाडीत एकच स्टेशन, बसायचं नाही. पूर्वेला उतरायचं. पॉलिशच्या मशीनचा आवाज दातांत गेला की डावा हात, बांगडीचा हात…"

विहारातल्या वंदनेच्या संथ लयीत ती हे म्हणायची. तांब्यांना ते खटकलं. "ती लय रस्त्यावर न्यायची नाही."

"रस्त्यावर जायलाच उपयोगी पडतेय," वहिनी म्हणाल्या.

ती जायला लागली. ओठ हलवत, वाकलेले हात जरा पसरून, बुटकी, झपाझप. लोक वळून बघायचे, तिला ते बघणं कळायचं नाही, आणि इथे तेच बरं होतं. एखाद्या सकाळी इस्त्रीवाल्याचा रेडिओ बंद असला की ती गेटातच थांबून राहायची. मग तिने त्याला सांगून ठेवलं आणि तो तिच्या वेळेला रेडिओ लावून ठेवू लागला. रात्री जेवताना ती दुसऱ्या दिवसाची काळजी सुरू करायची: गाडी उलट्या फलाटावर आली तर, रिक्षावाल्याचा घसा बसला तर. तांबे ऐकायचे आणि ताट पुढे सारून उठायचे. असं वर्षभर चाललं.

गणपतीत एका शनिवारी ती कामावरून घरी आली नाही. भाईंदर पूर्वेला रस्त्यावर मंडप घातला होता, त्यामुळे तिची नेहमीची वाट बंद, आणि लाउडस्पीकरमुळे पॉलिशच्या मशीनचा आवाजही ऐकू येईना. हे आम्हाला नंतर कळलं. माझा अर्धा दिवस होता, तांब्यांची रात्रपाळी, म्हणून दोघेही घरी होतो. खालून हंसाबेनची हाक आली. वहिनी आणि आम्ही दोघे उतरलो तेव्हा त्या रिसीव्हर कानाला लावून बोलत होत्या.

"कहाँ है तू, बेटा?… अरे, पता है ऐसे कैसे नहीं?" मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. "बोलती है, पता होता तो फोन क्यों करती."

तांब्यांनी रिसीव्हर घेतला. "काय दिसतंय तुला तिथे? नीट बघून सांग." ऐकलं, आणि हात खाली आणला. "रस्ता, म्हणते. दुकान, म्हणते. माणसं."

वहिनींनी त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. "प्रज्ञा, काय ऐकू येतंय?"

मग वहिनी ऐकत होत्या, आणि ऐकतील ते आम्हाला मोठ्याने सांगत होत्या. एक बाई दुसरीला म्हणाली, 'आज गाडी येनार न्हाय, पोती आत घ्या.' दुसरी म्हणाली, 'वारा खाडीकडचा हाय, मीठ पानी सोडंल.' ती बोलत होती त्या फोनच्या बूथचा मालक कुणाला तरी म्हणाला, नवघरकडून माल आला की उधारी देतो.

"मिठागर," तांबे म्हणाले. "नवघरच्या पुढे. उलट्या बाजूला गेली." आणि चप्पल घालून निघाले. मी त्यांच्या मागे.

वाटेत ते एकदाच म्हणाले, "शोधायला निघालो बघा." अट माझ्यासमोर घातलेली होती, आणि शब्दांत कुठे फट नव्हती.

ती फोनच्या बूथजवळ, मिठाच्या पोत्यांपाशी दोन बायकांसमोर येरझारा घालत होती. अंगठ्यातून रक्त येत होतं, ते तिने ओढणीच्या टोकात गुंडाळलं होतं. त्यांतली एक बाई तांब्यांना म्हणाली, "तुमची हाय का पोर? भ्यालीय, पन हितनं गेली न्हाय. इचारून इचारून आमालाच दमवलं तिनं."

प्रज्ञाने वडिलांकडे बघितलं. माझ्याकडे बघून चेहऱ्याबद्दल काही विचारलं नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला यावं लागलं. म्हणजे ठरल्याप्रमाणे मी चुकले."

दूर लाउडस्पीकर चालूच होता. तांब्यांनी खिशातून रुमाल काढला, तिचा अंगठा धरला, आणि पार्सलला गाठ मारावी तशी घट्ट गाठ मारली.

"मंडप किती दिवस आहे?"

"दहा. आठ राहिले."

"मग आठ दिवसांचा वेगळा रस्ता पाठ कर," ते म्हणाले. "चल, आत्ताच म्हणायला लाग. मी मागे आहे."

ती लगेच निघाली. दहा पावलांवर थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "पोत्यांचा खारट वास पाठीशी." तांबे मागून म्हणाले, "वास ठेव. पोती गाळ, ती उचलतात."

अट नंतर कुणी मोडली असं म्हटलं नाही. ती घातली होती याचाच उल्लेख बंद झाला. नोकरी चालू राहिली. गोळ्या चालू राहिल्या, दोन्ही प्रकारच्या. तिच्या बोटांना मधूनमधून चिंध्या दिसायच्या. सगळं बरं झालं असं मी लिहिणार नाही. एकदा बोर्डावर कुणी शिवी दिली ती तिने शेठला चढउतारासकट पोचवली, आणि मग 'मी काही चुकीचं केलं का' म्हणून तीन रात्री झोपली नाही. पण ती रोज जात होती.

पुढे काही वर्षांनी तांब्यांनी भाईंदर पूर्वेलाच, जेसल पार्कला घर घेतलं. तिथून तिला कामावर चालत जाता येणार होतं. सामानाचा टेम्पो भरला गेला त्या सकाळी मी आमच्या गॅलरीत होतो. वहिनी ड्रायव्हरशेजारी बसल्या. तांबे म्हणाले, "प्रज्ञा, चढ." ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी नवीन रस्ता बसवलाय, तो एकदा म्हणून बघते."

ती गेटातून बाहेर पडली आणि, इस्त्रीवाल्याचा रेडिओ अजून लागला नव्हता म्हणून असेल, चक्क उलट दिशेला वळली. मला वरून ते स्पष्ट दिसत होतं. तांब्यांनाही दिसलं. ड्रायव्हरने हॉर्नकडे हात नेला, तो तांब्यांनी वरच्या वर धरला.

रस्त्याच्या टोकाला ती थांबली. नारळ विकणाऱ्या एका माणसाला तिने काहीतरी विचारलं. त्याने हात लांब करून दाखवलं. तिने मान हलवली, आणि आपल्या हाताने त्याचा लांब केलेला हात धरून खाली घेतला. तो गोंधळला, मग बोलायला लागला. ती ऐकत होती. ओठ हलत होते. बोलून झाल्यावर तिने त्याला पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं असावं, कारण तो डोकं खाजवून परत पहिल्यापासून सुरू झाला.

मग ती मागे वळली, आमच्या गेटावरून, टेम्पोच्या बाजूने, वर न बघता झपाझप पुढे गेली. ती कोपऱ्यावरून दिसेनाशी झाल्यावर तांबे टेम्पोत चढले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "सावकाश चलो. उसके पहले नहीं पहुँचना है."